तपकिरी रंगाची कुळी

बोरिवली-मुलुंडकडच्या नर्सिंग होममध्ये कुणाच्या मानेतली गाठ काढतात, रिपोर्टमध्ये 'लिम्फोमा, आयएचसी करावी' असं येतं आणि घरचं कुणीतरी मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत सांभाळत परळला टाटात 'रिव्ह्यू'ला निघतं. पुढच्या कागदावर लिहिलेलं असतं: सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी२० निगेटिव्ह, सीडी३० पॉझिटिव्ह, अल्क पॉझिटिव्ह. इतके पॉझिटिव्ह बघून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्यातला शेवटचा मात्र बऱ्याचदा दिलासा देणारा.

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. अँटिबॉडीने पेशीतली प्रथिनं रंगवून ओळखणाऱ्या आयएचसी तपासणीचं मूळ तिथलं. परळला तेव्हा पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताशी जांभळा-गुलाबी रंग आणि तयार नजर एवढंच होतं. टी आणि बी लिम्फोसाइट असे दोन वंश असतात हेच मुळी साठच्या दशकात कळलं, आणि त्या जांभळ्या रंगात दोन्ही सारखेच दिसतात. रिपोर्टमधलं सीडी३ ही टीची खूण, सीडी२० ही बीची.

१९७५ साली केंब्रिजमध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती काढली. १९८२मध्ये जर्मनीतल्या कील शहरातून 'के-आय-१' आली. ती ज्या प्रथिनाला चिकटते तेच आजचं सीडी३०. त्याच्याच आधारे १९८५मध्ये जर्मन पॅथॉलॉजिस्ट श्टाइन यांनी अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा वेगळा ओळखला.

अल्कची गोष्ट मला जास्त आवडते. १९९४ साली मेम्फिसमध्ये कळलं की या लिम्फोमाच्या काही रुग्णांत क्रोमोसोम २ आणि ५ यांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होतं; त्यातला एक भाग म्हणजे अल्क. निरोगी लिम्फोसाइटमध्ये अल्क नसतंच, त्यामुळे तिथे अल्कचा तपकिरी रंग दिसला की चोर सापडला! १९९७मध्ये ऑक्सफर्डहून अल्कला चिकटणारी अँटिबॉडी आली आणि क्रोमोसोम न तपासता साध्या स्लाइडवर काम भागू लागलं.

ही स्लाइड तयार होताना बघावी. तीन-चार मायक्रॉनचा काप काचेवर घेतात. फॉर्मेलिनने प्रथिनं आवळून धरलेली असतात. ती मोकळी करायला काच बफरमध्ये उकळतात, अनेक लॅबमध्ये चक्क प्रेशर कुकरमध्ये. मग अँटिबॉडी, मग एन्झाइम, आणि शेवटी तपकिरी रंग. गाठ फॉर्मेलिनमध्ये फार दिवस पडून राहिली तर पुढे कितीही उकळा, रंग फिका येऊ शकतो.

टाटाच्या डॉ. किक्केरी नरेश आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये २,७७३ लिम्फोमांचा हिशेब मांडला. टी-पेशींचे १६.२ टक्के निघाले, आणि अ‍ॅनाप्लास्टिक ४.३. रोगाचा अंदाज सांगणारे आकडे २००८च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातले: पाच वर्षांनी अल्क पॉझिटिव्हपैकी ७० टक्के रुग्ण हयात, निगेटिव्हपैकी ४९. पण अल्कवाले रुग्ण मुळात तरुण असतात, आणि चाळिशीच्या आतल्यांची तुलना केली तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणून नुसता अल्क वाचून भविष्य सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही; वय आणि स्टेज विचारणाऱ्यावर ठेवतो.

दरम्यान कीलच्या त्या जुन्या प्रथिनाला दुसरं काम मिळालं. सीडी३०ला चिकटून पेशीत विष सोडणारं ब्रेंटुक्सिमॅब हे औषध २०११मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रिपोर्टमध्ये सीडी३० किती टक्के पेशींत आहे, हे डॉक्टर मुद्दाम बघतात ते यासाठीच. आणि औषध मिळतं म्हटल्यावर घरच्यांचा पुढचा प्रश्न किमतीचा असतो.