मुलीचा वाटा : एक जुने गणित

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली. महाविद्यालयाचे संस्थापक होते तेव्हाचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गंमत अशी, की त्याच महिन्यात दिल्लीत हे दोघे हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर परस्परविरुद्ध बाजूंना होते.

या बिलात विवाह, घटस्फोट, दत्तक असे बरेच काही होते. आपण फक्त वारसाहक्काकडे पाहू, कारण पाठ्यपुस्तके तो एका ओळीत उरकतात.

आपल्याकडे वारसा चाले तो मिताक्षरेप्रमाणे. हा ग्रंथ विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यात लिहिला. त्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो, मुलीला नाही. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेला हिस्सा मिळाला, पण तोही हयातीपुरता. पुढे राव समितीच्या मसुद्याने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देऊ केला. आंबेडकरांच्या काळात तो मुलाइतका करण्यात आला आणि विरोधाला धार चढली. १७ सप्टेंबर १९५१ ला (मराठवाडा मुक्त झाल्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती) संसदेत पुन्हा चर्चा सुरू झाली. चार कलमे संमत झाली आणि बिल बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबरला आंबेडकरांनी राजीनामा दिला. कारणे इतरही होती, पण हे त्यांतले मोठे.

बिलाचे तुकडे १९५५-५६ साली कायदे होऊन आले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला समान वाटा दिला असे आपण शिकवतो. ते कितपत खरे, हे गणित करूनच पाहावे.

वडिलोपार्जित जमीन १२ एकर. आई हयात नाही. एक मुलगा, एक मुलगी. वडील मृत्युपत्र न करता वारले. आधी वडील व मुलगा यांची वाटणी झाली असे मानायचे : प्रत्येकी ६ एकर. मग वडिलांचे ६ दोन्ही मुलांत सारखे. मुलगा ९, मुलगी ३! 'समान' हा शब्द कायद्यात होता. तो लागू झाला अर्ध्याच जमिनीला.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींनाही जन्मतः हक्क दिला, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अटही गेली. आता त्याच गणितात तिघांचे चार-चार एकर आणि शेवटी बहीणभावांचे सहा-सहा. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कागदावरचे सहा एकर प्रत्यक्षात मात्र अनेकदा एका सहीने शून्य होतात. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती कोणत्याही कलमात लिहिलेली नसते.

हे उदाहरण वर्गात घेताना मुलांना घरचा सातबारा पाहून यायला सांगावे. जमीन किती, हे विचारू नये. जमीन नसलेल्या घरची मुलेही वर्गात असतात. बायकांची नावे किती, एवढेच मोजायचे. सातबाऱ्यावर आत्याचे नाव नसेल तर जुने फेरफार पाहावेत. बरेचदा ते तिथे सापडते, हक्क सोडल्याच्या नोंदीत.