जुन्या घराची वायरिंग : पैसे नेमके कशाचे?

नव्या इमारतीत वायरिंगचा खर्च विचारला तर वीजतंत्री 'पॉइंट'चा दर सांगतो. एक दिवा हा एक पॉइंट, एक पंखा हा दुसरा; पॉइंट मोजले, दराने गुणले की झाला हिशेब. पण ठाण्यातली जुनी चाळ, कल्याणचा वाडा किंवा डोंबिवलीची जुनी दुमजली इमारत असेल, तर तो आधी घर पाहायला येतो आणि तरीही आकडा सांगताना अडखळतो. असे का होते? याचे उत्तर त्या घरांच्या इतिहासात आहे.

१९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२९ साली जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे वीजघर सुरू केले, तेही विजेच्या गाड्यांसाठी. म्हणजे मोठी वीज लागे ती गिरण्यांना आणि रेल्वेला. घरात वीज हवी असे ती उजेडापुरती, फार तर एखाद्या पंख्यापुरती. ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो. पाच दिवे लावले तरी १.३ अँपिअर. त्या बेताने घातलेल्या तारेवर आज २००० वॅटचा गीझर लावला, तर तो एकटाच ८.७ अँपिअर घेतो. प्रवाह झाला पावणेसात पट. पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती होते सुमारे ४५ पट!

तारही सर्वत्र एकसारखी नसते. सर्वांत जुन्या तारांवर रबराचे आवरण आणि त्यावर सुती विणकाम असे. लाकडी पट्ट्यांच्या खोबणीतून त्या नेत. काही दशकांत रबर वाळते, तडकते आणि हात लावताच गळून पडते. पुढे पीव्हीसीचे आवरण आले. १९६०च्या दशकात तांबे आयात करण्यासाठी लागणारे परकीय चलन अपुरे पडू लागले, तेव्हा घरगुती वायरिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियम सर्रास वापरले गेले. या धातूवर लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो विजेचा दुर्वाहक असतो. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू दबत जातो, जोड सैल होतो आणि तापतो. नंतर तांबे परत आले. त्यामुळे एकाच घरात तिन्ही काळांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या सापडू शकतात.

मग वेळीच साऱ्या तारा का बदलल्या नाहीत? १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली गेली. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती मालकाला परवडेना आणि दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च करायला भाडेकरू धजेना. म्हणून बदलण्याऐवजी नवा जोड देणेच सोयीचे ठरले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, पण तोवर जोडांवर जोड चढले होते.

जुन्या घरातला मोठा खर्च हे जोड शोधण्याचा असतो. लाकडी पट्टीवरची तार निदान डोळ्यांना दिसे; नंतरच्या काळात ती भिंतीत गेली आणि तिचा नकाशा कुणी जपला नाही. चुन्यातल्या विटांच्या भिंतीत खाच पाडताना हातभर पोपडा सुटतो, म्हणजे गवंडी आणि रंगारी आलेच. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आवरणातून प्रवाह झिरपतो. तो मेगर या उपकरणाने तपासायचा तर वेळ जातो, आणि वेळेचे पैसे पडतात.

आकडा ऐकला की घरमालक काटछाट सुरू करतो आणि बहुधा पहिली कात्री लागते अर्थिंगला, कारण त्यावाचूनही दिवा लागतो! इथेच जिवाशी गाठ असते. पाच अँपिअरचा फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. अर्थिंग असेल तर गीझरच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. शिवाय ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच आता बाजारात मिळतो.

१९५६च्या भारतीय वीज नियमांतील ४५व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घेण्याचे बंधन घातले. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे बदलणे एवढ्यालाच सूट होती. आजच्या नियमांतही परवान्याची अट आहे.

विद्यार्थ्यांना आपापल्या घराची पाहणी करायला सांगता येईल. कोणताही बोर्ड न उघडता, तारेला हात न लावता, दोन आणि तीन छिद्रांचे सॉकेट किती ते मोजावे, उपकरणांवरचे वॅट लिहून बेरीज करावी आणि प्रवाह काढावा. तो कागद वीजतंत्री येईल तेव्हा पालकांच्या हाती असू द्यावा. घासाघीस करायचीच तर ती बटणांच्या दर्शनी पट्ट्यांवर करावी. तारेची जाडी, जोडांची तपासणी आणि अर्थिंग यांवर नको.