पिंग : उत्तराची वाट किती पाहावी?
सर्व्हरशी संपर्क तपासणारा ‘पिंग’ हा आदेश माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत लिहिला. भारतात १९८६ मध्ये ‘अर्नेट’ सुरू झाले. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था पहिल्या आठ सहभागींपैकी एक होती. १९९०च्या दशकात अर्नेटचे उपग्रह-जाळे उभे राहिले. त्याचे मुख्य केंद्रही बेंगळुरूतच होते.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश आणि उत्तर मिळून हे अंतर चार वेळा कापले जाते. त्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. अशा मार्गावर पिंगची प्रतीक्षा-मुदत पाव सेकंद ठेवली, तर चालू सर्व्हरही बंद भासेल. म्हणून मुदतीचा पर्याय ठरवण्याआधी मार्ग कोणता, ते पाहा.