दैव, घराणें आणि रहस्यकादंबरी



रहस्यकथेच्या पायीं रात्रीचा दिवा जाळला नाहीं, असा वाचक विरळाच. पण त्या रहस्याच्या मुळाशीं असतें काय? हरवलेला वारस, कपटी चुलता, पेटींत दडविलेलें मृत्युपत्र, आणि ऐन वेळीं धांवून येणारें दैव! एक घराणें व एक दैव, एवढ्या भांडवलावर हा सारा व्यापार चालतो. मराठी कादंबरीनें हें भांडवल कसें वापरलें आणि त्यांत विनोदाचें स्थान कोणतें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या प्रश्नाचा आमच्या धुळ्याशीं संबंध आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १९२६ च्या ३१ डिसेंबरला येथेंच देह ठेविला, व पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ या गांवांत उभें राहिलें. जुन्या दफ्तरांची धूळ झाडण्यांत आयुष्य वेंचणाऱ्या या पुरुषानें १९०२ सालीं 'कादंबरी' या विषयावर एक विस्तृत निबंध लिहिला होता, आणि कादंबऱ्यांचे अद्भुत व वास्तविक असे भेद करून त्यांचा विचार केला होता. इतिहासकारानें कल्पित कथांची एवढी चिकित्सा कां करावी? माझ्या मतें उत्तर सरळ आहे. जें राष्ट्र कादंबरींत कारणाऐवजीं दैव चालवून घेतें, तें व्यवहारांतही कारण शोधीत नाहीं.

मराठींतील आरंभींच्या कादंबऱ्या पाहा. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. त्यांत विधवांच्या दुःस्थितीचें चित्र होतें. परंतु पुढें १८६१ सालीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, आणि वाचक अद्भुताच्या राज्यांत रमला. रिसबूडांनीं प्रस्तावनेंत याचें कारणही दिलें आहे. आपल्या विवाहादि रीतिभातीच अशा, कीं नित्याच्या संसारांत मनोरंजक असें कांहीं घडतच नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे घर रुक्ष, म्हणून अद्भुताला आमंत्रण!

या समजुतीला उत्तर मिळालें तें हरिभाऊ आपट्यांकडून. १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून येऊं लागलेल्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' या कादंबरींत भुयार नाहीं, गुप्त खजिना नाहीं. तरी यमूचें पुढें काय होणार, या धास्तीनें वाचकाचा श्वास कोंडतो. तिच्यावर कोसळलेलें वैधव्य एक वेळ दैवाचें म्हणूं. पण त्यानंतरचा छळ दैवानें केला नाहीं, घरच्या माणसांनीं केला. संसार रुक्ष नव्हता. आपण त्याकडे पाहत नव्हतों.

आतां विनोदाकडे वळूं. ऑस्कर वाइल्ड या आयरिश लेखकानें १८८७ सालीं एक मौजेची दीर्घकथा लिहिली. लॉर्ड आर्थर या तरुणाचा हात पाहून एक सामुद्रिक सांगतो, कीं तुझ्या हातून खून होणार. आर्थर बिचारा कर्तव्यनिष्ठ! लग्नापूर्वीं हें काम उरकावें, म्हणून तो नात्यांतल्या वृद्ध बाईवर विषप्रयोग करूं पाहतो, चुलत्याकडे स्फोटक घड्याळ धाडतो. दोन्ही बेत फसतात. शेवटीं तो त्या सामुद्रिकालाच नदींत लोटतो आणि भविष्य खरें करून सुखानें संसार थाटतो! येथें खून आहे, घराणें आहे, दैव आहे; पण हंसतां हंसतां वाचकाला उमगतें, कीं दैव म्हणून जें मिरवितें तें माणसाच्या भोळ्या विश्वासाचेंच कृत्य होय.

आमच्याकडे भीति आणि हंसूं यांचे संसार बहुधा वेगळेच राहिले. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार व काळापहाड यांना घरोघर नेलें. इकडे चिं. वि. जोशी यांनीं १९३३ सालच्या 'चिमणरावांचें चऱ्हाट' या पुस्तकांत मध्यमवर्गीय संसाराची फजिती रंगविली. वस्तुतः दोघांचें यंत्र एकच, योगायोग! रहस्यकथेंत योगायोगानें हरवलेला भाऊ भेटतो. चिमणरावांच्या जगांत योगायोगानें नको तो पाहुणा दारांत उभा राहतो. पहिल्याला आपण दैव म्हणतों, दुसऱ्याला फजिती.

श्रोतेहो, पत्रिका जुळत नाहीं म्हणून आजही चांगलीं स्थळें मोडतात, आणि भाऊबंदकीनें बुडालेलीं घरें नशिबाला बोल लावतात. दफ्तरांतील कागद हातीं आला, कीं तो कोणाच्या हातचा व कोणत्या हेतूनें लिहिला, हें इतिहासाचा अभ्यासक प्रथम विचारतो. कपाळींचा लेख म्हणून घरांत जें दाखविण्यांत येतें, त्यालाही हाच प्रश्न विचारावा. पुष्कळदां अक्षर ओळखीचें निघेल.