जड डिझेल वाहनांचे धूर-निकष आणि सीमावर्ती खेडी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. या जिल्ह्यातील डोईफोडियासारख्या गावाचे नाव प्रदूषणाच्या चर्चेत सहसा येत नाही. ही चर्चा प्रामुख्याने महानगरांची राहिली. ट्रक मात्र शहरापुरता थांबत नाही. म्हणून धुराच्या निकषांचा इतिहास खेड्याच्या बाजूनेही तपासणे आवश्यक ठरते.

निकषांचा प्रारंभ :
भारतात डिझेल वाहनांच्या उत्सर्जनावर वस्तुमानानुसार मर्यादा १९९२ मध्ये आल्या. जड इंजिनांच्या सूक्ष्म कणांवर मर्यादा मात्र २००० सालीच लागू झाली. २००१ मध्ये केंद्र शासनाने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. वाहन आणि इंधन यांचा एकत्र विचार हे तिच्या शिफारशींचे वैशिष्ट्य होय. त्यामागे शास्त्रीय कारण आहे. डिझेलमधील गंधक धूर शुद्ध करणारी उपकरणे निकामी करते. त्यामुळे इंधन सुधारल्याशिवाय इंजिन सुधारून भागत नाही.

दुहेरी व्यवस्था :
या धोरणानुसार २००५ मध्ये देशभर भारत स्टेज-२ आणि निवडक शहरांत स्टेज-३ लागू झाले. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर आदी १३ शहरांना स्टेज-४ मिळाले. तेथील डिझेलमध्ये गंधक दशलक्षात ५० भाग, तर इतरत्र ३५० भाग होते. बुऱ्हाणपूर 'इतरत्र' मध्ये मोडत होते. शिवाय राष्ट्रीय परवान्याच्या मालवाहू वाहनांना शहरांच्या कडक निकषातून सूट होती, कारण त्यांना वाटेत मिळेल ते डिझेल भरावे लागे. परिणामी सर्वाधिक फिरणारे ट्रकच सौम्य निकषाखाली राहिले. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला, तेव्हाही ही विषमता कायम होती.

एकच निकष :
१ एप्रिल २०१७ पासून स्टेज-४ देशभर लागू झाले. त्याआधी तीन दिवस सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेपासून स्टेज-३ वाहनांच्या विक्रीस बंदी घातली. त्या वेळी उत्पादकांकडे अशी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने शिल्लक होती. पुढे स्टेज-५ वगळून १ एप्रिल २०२० रोजी स्टेज-६ आले. गंधक १० भागांवर आले. स्टेज-२ मध्ये प्रति किलोवॅट-तास ०.१५ ग्रॅम असलेली सूक्ष्म कणांची मर्यादा ०.०१ ग्रॅम झाली. काजळी अडविणारी गाळणी आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा यांमुळे हे शक्य झाले.

समारोप :
शहराला आणि खेड्याला एकच निकष मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तरीही हे निकष नव्या वाहनांनाच लागू असतात. जुने ट्रक रस्त्यावर राहतात. तेव्हा विद्यार्थ्यांना हा विषय शिकविताना निकषाच्या तारखेबरोबरच तो कोणाला, कोठे आणि किती उशिरा मिळाला, हेही सांगणे अगत्याचे आहे.