रेघेच्या उजवीकडे

इंग्रजीतील कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करणे हा मराठी विद्यार्थ्याचा जुना व्यासंग आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावयाची; डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. आमच्या पिढीनेही अशा वह्या भरल्या. परीक्षा संपताच रद्दीत जाणाऱ्या ह्या वहीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने का पाहावे, असे कोणी विचारील. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी वैचारिक गद्याचा बराचसा भाग ह्या रेघेच्या उजव्या बाजूसच घडला आहे, असे मला वाटते.

बाळशास्त्री जांभेकरांनी जानेवारी १८३२ मध्ये सुरू केलेल्या ‘दर्पण’चे पान असेच दुभागलेले होते, एका स्तंभात इंग्रजी मजकूर, शेजारी मराठी. देशबांधवांत इंग्रजी विद्येची गोडी वाढावी, हा त्यामागील एक हेतू होता. शिकणाऱ्याच्या हाती भक्कम साधन आले ते मात्र १८४७ साली. मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पुढे त्यांनी इंग्रजी-मराठी कोश आरंभिला. परंतु प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी परतले आणि थॉमस कँडी यांनी ते काम तडीस नेले.

ह्या दोन कोशांची जात निराळी आहे. पहिल्यात शब्द लोकांच्या तोंडी होते. ते वेचावयाचे होते. दुसऱ्यात परका शब्द समोर उभा आणि त्याला मराठीत घर आहे की नाही, ह्याचाच शोध घ्यावयाचा. हत्यारे, भांडी, झाडे ह्यांची नावे कशीही निभावतात. खरी पंचाईत भाववाचक शब्दांची. अशा ठिकाणी कोशकार पर्यायांची रांग लावतो, कारण एकही पर्याय पुरा पडत नाही. पाठांतर करणाऱ्याला मात्र रांग परवडत नाही. त्याला एकच शब्द हवा असतो.

असा एक शब्द म्हणजे ‘सुधारणा’. ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणा, आणि ‘सिव्हिलायझेशन’ म्हणजेही सुधारणाच. इंग्रजीत पहिला शब्द एखादी वाईट चाल बदलण्याविषयी बोलतो, तर दुसरा एका समाजाची संपूर्ण अवस्था सांगतो. मराठीत दोहोंना एकच कपडा शिवला गेला. ‘सुधारलेली राष्ट्रे’ असे त्या काळचा लेखक लिहितो, तेव्हा त्याच्या मनात युरोप असतो. आणि ‘आपण सुधारले पाहिजे’ असे लिहितो, तेव्हा बालविवाह आणि केशवपन. वाचकाला मात्र दोन्ही वाक्यांतून एकच हाक ऐकू येई. सुधारणा म्हणजे साहेबाचे अनुकरण, हा सनातन्यांचा आक्षेप केवळ हट्टातून आलेला नव्हता. त्याला शब्दानेच वाट करून दिली होती.

ह्या घोटाळ्याचे खापर इंग्रजी अध्ययनावर फोडण्याचे कारण नाही. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून मराठीचा कैवार घेणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे स्वतः जॉन्सनचे निस्सीम चाहते होते. त्या इंग्रज कोशकाराचे विस्तृत चरित्र त्यांनी ‘मालेत’ लिहिले आणि वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले ‘रासेलस’चे भाषांतर पूर्ण केले. जॉन्सनचे लॅटिनप्रचुर, भारदस्त शब्द पचविताना त्यांची मराठी दुबळी झाली नाही. उलट तिला लांब वाक्य पेलण्याचे बळ आले. (थोडा अभिनिवेशही आला, पण तो बहुधा जॉन्सनकडचा नसावा.)

आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढले, तेव्हा त्याला ‘सुधारक’ हेच नाव दिले. तेही द्विभाषी होते; त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. इंग्रजी मजकुरात ते दोन शब्द सुटेसुटे राहू शकत होते. मराठी मजकुराला मात्र तो एकच शब्द, दोन्ही अर्थांच्या ओझ्यासकट, वागवावा लागला. ‘संस्कृती’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो विसाव्या शतकात. आगरकर १८९५ मध्येच निवर्तले होते.