लेमन ग्रोव्ह येथील पालकांचा लढा (१९३१) : भाषेची सबब आणि शाळेचे विभाजन

शाळेच्या इतिहासात भाषा दोन रूपांनी आढळते : एक, शिक्षणाचे साधन म्हणून, आणि दुसरे, मुलांची वर्गवारी करण्याची सबब म्हणून. हे दुसरे रूप स्पष्टपणे दाखविणारे एक प्रकरण कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह या गावी घडले.

लिंबू-संत्र्यांच्या बागांच्या या गावात मेक्सिकन मजुरांची वस्ती होती. गावच्या प्राथमिक शाळेत १६९ मुले शिकत. त्यांपैकी ७५ मेक्सिकन वंशाची होती आणि त्यांतील बहुतेकांचा जन्म अमेरिकेतच झालेला होता. १९३० च्या उन्हाळ्यात शाळेच्या विश्वस्त मंडळाने या मुलांसाठी निराळी इमारत बांधण्याचे ठरविले. त्यांच्या पालकांना मात्र विश्वासात घेतले नाही. ५ जानेवारी १९३१ रोजी मुख्याध्यापक जेरोम ग्रीन यांनी दारातच मुलांना अडवून नव्या इमारतीकडे जाण्यास सांगितले. मुले घरी परतली. पालकांनी त्या इमारतीस ‘ला काबायेरीसा’, म्हणजे घोड्यांचा तबेला, असे नाव दिले व मुलांना तेथे पाठविण्याचे नाकारले.

मंदीच्या त्या काळात मेक्सिकन लोकांना देशाबाहेर घालविण्याची मोहीम चालू होती. अशा वेळी मजुरांनी सरकारी मंडळाविरुद्ध उभे राहणे हे लहानसहान धाडस नव्हते. तरीही त्यांनी ‘शेजाऱ्यांची समिती’ स्थापन केली, मेक्सिकोचे वाणिज्यदूत एन्रिके फेरेरा यांचे साहाय्य मिळविले आणि फेब्रुवारीत न्यायालयात अर्ज दाखल केला. अर्जदार म्हणून उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या रॉबेर्तो आल्वारेस या विद्यार्थ्याची निवड झाली. ही निवड अर्थपूर्ण होती; कारण या मुलांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना वेगळे शिक्षण हवे, हा मंडळाचा एक मुख्य युक्तिवाद होता. त्याला अर्जदाराच्या रूपानेच उत्तर मिळाले.

न्यायाधीश क्लॉड चेंबर्स यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. एखादे मूल अभ्यासात मागे असल्यास त्याची वेगळी सोय करता येईल. परंतु एका वंशाच्या सर्व मुलांना सरसकट वेगळे काढता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपासून दूर ठेवल्यास या मुलांचे इंग्रजी शिकणेच खुंटेल, हेही त्यांनी मान्य केले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा विचार महत्त्वाचा आहे. भाषा सहवासाने येते. सहवास तोडून भाषा शिकविण्याची योजना स्वतःचाच हेतू खोटा ठरविते.

तथापि या विजयाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. राज्याच्या कायद्यान्वये अमेरिकन इंडियन, चिनी, जपानी व ‘मंगोलियन’ मुलांना वेगळ्या शाळेत घालता येत असे. मेक्सिकन हे गौरवर्णीयांत मोडत असल्याने त्यांना ती तरतूद लागू नाही, या आधारावर खटला उभा होता. म्हणजे भिंत पडली नाही. पालक तिच्या अलीकडे आहेत एवढेच सिद्ध झाले. शिवाय निकालावर अपील न झाल्याने तो अन्य न्यायालयांवर बंधनकारक ठरला नाही. राज्यातील दुसऱ्या मेक्सिकन पालकांना मेंडेस खटल्यात १९४६ व १९४७ साली यश मिळाल्यानंतरच त्या तरतुदी कायद्यातून निघाल्या.

लेमन ग्रोव्हची मुले त्याच वर्षी आपल्या जुन्या शाळेत परतली. शाळेच्या दाराशी भाषेचे कारण सांगितले जाते, तेव्हा ते शिकविण्यासाठी सांगितले जात आहे की अडविण्यासाठी, हे अभ्यासकाने प्रथम तपासावे, हाच या प्रकरणाचा बोध होय.